हळकुंड मोडून बघता येतं, मोती नाही: मोत्यांच्या माळेला लिलावात कोट्यवधी का मिळतात?

गौरीजेवणाच्या दिवशी सांगलीत आमच्या विश्रामबागच्या घरी शेवटची पंगत उठली आणि आत्याने फोन माझ्यापुढे धरला. बडोद्याच्या मोत्यांचा फोटो होता, दोन सरांचा कंठा. खाली लिहिलं होतं, न्यूयॉर्कच्या लिलावात याला ७१ लाख डॉलर आले. "अगं, मोत्याला एवढे? मग वहिनीच्या कंठ्याचे मोती त्या दुकानदाराने शून्यात कसे काढले?"

वहिनी म्हणजे माझी आई. दहा-बारा वर्षांपूर्वी घराच्या कामाला पैसे कमी पडले तेव्हा तिने आजीचा कंठा मोडायला नेला. दुकानदाराने दोरा कापला, सोन्याचे मणी आणि फासा तराजूत टाकला, आणि मोती कागदाच्या पुडीत बांधून परत दिले. "याचं वजन धरता येत नाही, ताई. घरी ठेवा." ती पुडी तेव्हापासून आईच्या कुंकवाच्या जुन्या पेटीत पडून होती.

एका मोत्याला कोटी आणि दुसऱ्याला कागदाची पुडी, ही गोष्ट मला तेव्हापासून खुपत होती. आत्याच्या प्रश्नाने मी तिचा नीट छडा लावायचं ठरवलं. जे समजलं ते इथे मांडते. ज्यांच्या घरी आजीची नथ, तन्मणी, चिंचपेटी किंवा कुड्या आहेत त्यांनी तरी हे वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

बडोद्याचे मोती म्हणजे काय होतं?

बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांच्या गळ्यात मोत्यांचा सात सरांचा कंठा असे. खंडेरावांची कारकीर्द १८५६ ते १८७०. पुढे महाराणी सीतादेवींच्या गळ्यात तो कंठा दिसतो, तसे फोटो आहेत. त्यातलेच सर्वांत मोठे ६८ मोती निवडून केलेला दोन सरांचा कंठा २५ एप्रिल २००७ ला न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावगृहात विकला गेला. त्या वेळच्या दराने जवळपास २९ कोटी रुपये झाले. त्यातला लहानात लहान मोती साडेनऊ मिलिमीटरचा आणि मोठ्यात मोठा सोळा मिलिमीटरचा, म्हणजे चांगल्या बोराएवढा.

याच खंडेरावांनी मोत्यांचा एक गालिचा करवून घेतला होता. त्यावर पंधरा ते वीस लाख बारीक मोती ओवलेले आहेत. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करायचा म्हणून तो केला, असं सांगतात. २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात त्याला सुमारे ५५ लाख डॉलर मिळाले. इथे जरा थांबून आकडे शेजारी ठेवा: लाखो मोत्यांच्या गालिच्यापेक्षा ६८ मोत्यांचा कंठा महाग गेला. असं का, ते पुढे वजनाच्या हिशेबात येईल.

स्वातीचा थेंब की वाळूचा कण?

स्वाती नक्षत्रातला थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. शाळेत गेल्यावर थेंबाच्या जागी वाळूचा कण येतो. खरं सांगायचं तर दोन्ही बरोबर नाहीत. शिंपला समुद्राच्या तळाशी राहतो, आयुष्यभर त्याला वाळूचीच संगत. प्रत्येक कणाचा मोती झाला असता तर मोती पोत्याने मिळाले असते. वाळू तो सहज बाहेर टाकतो.

मोती बहुतेक वेळा जखमेतून होतो. शिंपल्यातल्या जिवाच्या अंगावर एक पातळ पडदा असतो, आणि शिंपल्याची आतली चमकती बाजू हाच पडदा तयार करतो. एखादा परजीवी किडा या पडद्याला भोक पाडून आत शिरला किंवा पडदा फाटला, तर पडद्याच्या काही पेशी आत ढकलल्या जातात. तिथे त्यांची एक पिशवी तयार होते आणि त्या आपलं नेहमीचं काम करत राहतात, म्हणजे चमकता थर चढवत राहतात. एकावर एक, वर्षानुवर्षं.

संक्रांतीचा हलवा ज्यांनी घरी केला आहे त्यांना हे लगेच पटेल. मंद शेगडीवर परात, परातीत खसखस किंवा तीळ, वरून चमच्या-चमच्याने पाक, आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं. एक थर वाळला की दुसरा. शेवटी हातात टपोरा पांढरा दाणा येतो आणि आतली खसखस शोधूनही सापडत नाही. नैसर्गिक मोती असाच. जवळजवळ सगळा थरांचा, आत म्हणावं असं काही नाही.

थर कशाचा? अंड्याच्या कवचात असतं तेच कॅल्शियम कार्बोनेट. फक्त इथे त्याच्या अतिशय पातळ चकत्या एकीवर एक रचलेल्या असतात, आणि त्यांना धरून ठेवणारा सेंद्रिय पदार्थ मधेमधे असतो, विटांमधल्या चुन्यासारखा. चकत्या इतक्या पातळ, की प्रकाश थोडा वरून परततो, थोडा आत जाऊन परततो, आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणून मोत्याचं तेज आतून आल्यासारखं दिसतं. आपले जव्हेरी त्याला 'पाणी' म्हणतात. या तेजाला याहून नेमका शब्द मला कुठे सापडला नाही.

'कल्चर्ड' मोती म्हणजे खोटा का?

नाही. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून तीन शब्द एकदाच पक्के करून घेऊ.

माणसाचा हात न लागता शिंपल्यात झाला तो नैसर्गिक मोती. आपल्याकडे त्याला 'बसरा मोती' म्हणतात. बसरा हे इराकमधलं व्यापाराचं बंदर. मोती निघायचे बहरीन, कुवेत, कतार या भागातल्या समुद्रात, पण नाव बंदराचं चिकटलं, जशी आसपासच्या दहा गावांची हळद सांगलीची म्हणून विकली जाते.

माणसाने शिंपला उघडून आत बीज ठेवलं आणि पुढचं काम शिंपल्याने केलं, तो संवर्धित किंवा कल्चर्ड मोती. तो खराच. फक्त त्याची लावण माणसाने केलेली. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांना १८९३ मध्ये असे अर्धगोल मोती मिळाले. पूर्ण गोल मोत्याची रीत पुढच्या पंधराएक वर्षांत बसली. बीज म्हणून शिंपल्याच्या जाड कवचातून कातलेला गोल मणी घालतात, सोबत दुसऱ्या शिंपल्याच्या पडद्याचा चिमुकला तुकडा. हा मणी वर्षानुवर्षं अमेरिकेच्या नद्यांमधल्या शिंपल्यांचा वापरला जातो. म्हणजे खसखशीऐवजी अख्ख्या शेंगदाण्यावर पाक चढवायचा. दाणा लवकर टपोरा होतो, पण पाकाचा थर पातळ राहतो.

तिसरा तो नकली: काचेचा किंवा प्लास्टिकचा मणी, वरून चमकता लेप. त्याचा शिंपल्याशी संबंध नाही.

मग नैसर्गिकच इतका महाग का?

कारण तो आता जवळजवळ कुणी काढत नाही, आणि पूर्वीही फार कष्टाने मिळायचा.

आखातात उन्हाळ्याचे साधारण चार महिने हंगाम चाले. पाणबुड्या पायाला दगड बांधून दोरीने खाली जाई, नाकाला चाप, गळ्यात टोपली. दम संपेपर्यंत हाताला लागतील ते शिंपले खुडायचे आणि दोरी हलवायची, वरचा माणूस त्याला ओढून घेई. दिवसभर हेच. हे लोक बहुतेक कर्जात अडकलेले असत आणि बापाचं कर्ज मुलाच्या अंगावर येई. आपल्याकडे ऊसतोडीच्या उचलीचा फास ज्यांनी जवळून बघितला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. शेकडो शिंपले उघडावेत तेव्हा एखादा मोती, आणि त्यातही गोल, मोठा, पाणीदार असा तर हजारोंत एखादा.

ते मोती पितळी चाळण्यांतून चाळून आकाराप्रमाणे वेगळे व्हायचे आणि त्यांचा मोठा भाग मुंबईला यायचा. मुंबईचे जव्हेरी त्यांना वेज पाडून घ्यायचे, रंग आणि पाणी बघून निवडायचे, रेशमात गुंफून जुडग्यांनी पॅरिसला पाठवायचे. एका काळी जगाच्या मोत्यांचा भाव मुंबईत ठरत होता. भारताचा स्वतःचा मोतीही होता, तुतिकोरीनजवळ मन्नारच्या आखातातला.

मोत्याची आपल्याकडची जुनी पायरी बघायची तर पानिपतानंतर आलेला निरोप आठवा. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ यांना मोती म्हटलं आहे, बाकी सरदारांना मोहरा. सोनं मोत्याच्या खालच्या पायरीवर होतं, आणि ते निरोप वाचणाऱ्या प्रत्येकाला न सांगता कळत होतं.

१९२० नंतर जपानचे गोल कल्चर्ड मोती युरोपच्या बाजारात आले. त्यानंतर जागतिक मंदी. १९३२ मध्ये बहरीनला तेल लागलं आणि पाणबुड्यांची मुलं तेलाच्या कामावर गेली. होड्या किनाऱ्याला लागल्या त्या लागल्याच. जुने नैसर्गिक मोती जगात जेवढे आहेत, त्यात नवी भर अगदी थोडी. बहरीनमध्ये आजही कल्चर्ड मोत्यांच्या व्यापाराला बंदी आहे, आणि तिथल्या मोती काढण्याच्या जुन्या वस्त्या आणि जागांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

हातातला मोती कोणता, हे कळतं कसं?

आत्याचं यावर ठाम मत होतं. "दातावर घास. किरकिरला की खरा."

आत्याचं अर्धं बरोबर आहे. समोरच्या दाताच्या कडेवर मोती हलकेच घासला तर नकली मणी गुळगुळीत लागतो आणि खरा खरखरीत, कारण थरांच्या कडा दाताला लागतात. पण कल्चर्ड मोत्यावरही तोच थर असतो, तोही तसाच लागतो. दात खरं-खोटं सांगतो, नैसर्गिक की कल्चर्ड हे सांगू शकत नाही. आणि भावात सगळा फरक त्या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

आपल्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितला असेल तर आठवा. खरेदीदार ढिगातून एक हळकुंड उचलतो, कट्कन मोडतो, आतला रंग बघतो आणि मग भाव बोलतो. बाहेरून पॉलिश कसं का असेना, आत काय आहे ते मोडल्यावर लपत नाही. सोन्याचंही तसंच. माझे एक मामा विट्याचे, गलाईच्या धंद्यात तमिळनाडूत आयुष्य गेलं. खानापूर-आटपाडी भागातली अशी हजारो घरं देशभर सोनं-चांदी गाळायचं काम करतात. मामा म्हणायचे, "सोनं कितीही खोटं बोललं तरी मुशीत गेलं की खरं बोलतं." वितळवा, शुद्ध करा, वजन करा, सोनं पुन्हा सोनंच.

मोत्याला ही सोय नाही. मोडला की संपला, मुशीत घातला तर चुना होईल. न मोडता आत बघायचं, म्हणून एक्स-रे. एक्स-रेमध्ये नैसर्गिक मोती कापलेल्या कांद्यासारखा दिसतो, मध्यापासून कडेपर्यंत कड्यांमागून कडी. मणी घातलेला कल्चर्ड मोती मध्ये सपाट गोल आणि भोवती थराची बारीक किनार असा दिसतो. त्यातही एक अडचण आहे. चीनमधून येणारे गोड्या पाण्यातले बरेच मोती मण्याशिवाय, नुसता पडद्याचा तुकडा घालून वाढवतात. त्यांच्या पोटात एखादी वाकडी पोकळी सापडते, आणि ती ओळखायला तरबेज डोळा आणि कधीकधी सीटी स्कॅन लागतो. स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळेत तर मोत्याच्या डीएनएवरून शिंपल्याची जात आणि कार्बनवरून मोत्याचं वय काढण्यापर्यंत मजल गेली आहे.

म्हणून मोठ्या लिलावात मोत्याबरोबर प्रयोगशाळेचा अहवाल असावाच लागतो. तिथे खरेदीदार मोत्याइतकेच पैसे त्या खात्रीचे मोजतो.

लहान शंभर आणि मोठा एक, यांत एवढा फरक का?

हा भाग मला सर्वांत आवडला, कारण तो हिशेबाने सुटतो.

मोत्याचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे पाव कॅरट, ५० मिलिग्रॅम. भाव मात्र सोन्यासारखा 'वजन गुणिले दर' नाही. इथे वजनाला वजनाने गुणतात आणि मग दराने. एक ग्रेनच्या मोत्याला दर एक धरला, तर दहा ग्रेनच्या मोत्याची किंमत दहा नाही, शंभर. आपल्या जुन्या जव्हेऱ्यांचं 'चव' नावाचं मापही याच वर्गाच्या हिशेबावर बेतलेलं.

आता मोती गोल आहे, म्हणून व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं. आणि वजन आठपट म्हणजे किंमत आठ गुणिले आठ, चौसष्टपट. चार मिलिमीटरचा मोती एका रुपयाचा असेल, तर त्याच प्रतीचा आठ मिलिमीटरचा चौसष्टचा आणि सोळा मिलिमीटरचा चार हजार शहाण्णवचा. बडोद्याच्या कंठ्यातला मोठा मोती सोळाचा होता. आपल्या नथीतले, चिंचपेटीतले मोती तांदळाच्या कणीपासून ज्वारीच्या दाण्यापर्यंतचे. लाखो मोत्यांचा गालिचा मागे का पडला, ते आता कळतं.

ही रीत मनमानीची नाही. मोठा मोती मिळणं खरोखर तितकंच दुर्मीळ असतं. डाळिंबाच्या बागेत पाव किलोची फळं हवी तेवढी मिळतात, किलोचं एखादंच लागतं, आणि त्याच्याजवळ ठेवायला तसंच दुसरं शोधायला गेलात तर हंगाम संपतो.

आणि कंठ्याला तर जोड लागते. एक मोती सुंदर असून भागत नाही. शेजारचा त्याच रंगाचा, त्याच पाण्याचा, आकाराने केसभर लहान, मग त्याच्या पुढचा. असे साठ-सत्तर मोती जमवायला जव्हेऱ्याच्या दोन पिढ्या जायच्या. चांगल्या कंठ्याची किंमत सुट्या मोत्यांच्या बेरजेपेक्षा बरीच वर जाते ती यामुळे. सर तोडून मोती सुटे विकले की ही मेहनत मातीत जाते.

लिलावात नेमकं काय होतं?

तासगावचा बेदाण्याचा सौदा बघितलेल्यांना फार सांगावं लागणार नाही. माल आधी उघडा मांडतात, लोक हातात घेऊन रंग, आकार बघतात, मग बोली. शेतकऱ्याला भाव पटला नाही तर तो माल परत शीतगृहात ठेवतो. लिलावगृहातही मालकाने एक राखीव किंमत आधी सांगितलेली असते, बोली तिच्या खाली राहिली तर वस्तू परत जाते. आणि अडत इथेही आहे. खरेदीदाराला अंतिम बोलीवर साधारण २० ते २७ टक्के जास्त मोजावे लागतात. बातमीत येतो तो आकडा बहुधा ही रक्कम धरून असतो, विकणाऱ्याच्या हातात त्याहून कमी पडतं.

एक फरक मोठा आहे. बेदाणा कोणत्या राणीने खाल्ला होता याने भाव बदलत नाही, मोती कोणी घातला होता याने बदलतो. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं एक मोत्याचं लोलक २०१८ मध्ये जिनिव्हाला सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलरना गेलं. 'ला पेरेग्रिना' हा स्पेनच्या राजघराण्यातला मोती १९६९ मध्ये रिचर्ड बर्टनने ३७ हजार डॉलरना घेऊन एलिझाबेथ टेलरला दिला. तो तिच्या हारासकट २०११ मध्ये ११८ लाख डॉलरना विकला गेला. त्यातला किती भाग मोत्याचा आणि किती टेलरचा, हे कुणी वेगळं करू शकणार नाही. पण कोण-कोणाच्या हातून वस्तू आली याची सलग साखळी कागदावर असणं ही गोष्ट भावनेपुरती नाही. मोती पूर्वीचा आहे, मधे बदललेला नाही, चोरीचा नाही, हे त्यातूनच सिद्ध होतं.

म्हणजे मोत्यात पैसे गुंतवावेत का?

हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला. माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याला कारण न्यूयॉर्कमधलं एक घर.

१९१७ मध्ये मॉर्टन प्लँट नावाच्या रेल्वेमालकाच्या बायकोला कार्टिए या जव्हेऱ्याकडची दोन सरांची मोत्यांची माळ फार आवडली. माळेची किंमत दहा लाख डॉलर. शेवटी सौदा ठरला तो असा: माळ आणि वर शंभर डॉलर कार्टिएने द्यायचे, आणि प्लँटने त्याबदल्यात न्यूयॉर्कमधला आपला फिफ्थ अव्हेन्यूवरचा वाडा. त्या वाड्यात कार्टिएचं दुकान आजही आहे. माळेचं काय झालं? मधल्या काळात कल्चर्ड मोती आले, मंदी आली. १९५७ मध्ये ती माळ लिलावात निघाली तेव्हा १ लाख ५१ हजार डॉलर आले. माळ तीच, मोती तेच, लोकांची ओढ गेली होती.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ती ओढ परत आली, आखाती देशांतल्या श्रीमंतांमुळेही. पुन्हा जाणार नाही याची हमी नाही. शिवाय मोती नाजूक. घाम, लिंबू, अत्तर, कशानेही वरचा थर खराब होतो, आणि हिऱ्यासारखा पुन्हा पैलू पाडून घेता येत नाही. म्हणून सगळं नटून झाल्यावर शेवटी मोती घालायचा, घरी आल्यावर पहिल्यांदा तो काढायचा, आणि मऊ कापडाने पुसून ठेवायचा. आजी हे न शिकता करायची.

शेततळ्यातल्या मोत्याचं काय?

जत, आटपाडीकडे शेततळी झाली आणि त्याबरोबर 'तळ्यात मोती पिकवा, लखपती व्हा' अशा जाहिरातीही आल्या. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांत मोती वाढवता येतात हे खरं आहे, भुवनेश्वरची केंद्र सरकारची गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची संस्था ते शिकवते. पण तो कल्चर्ड मोती असतो, आणि त्याची स्पर्धा चीनच्या स्वस्त मोत्याशी. बडोद्याच्या कंठ्याचा भाव दाखवून कुणी बियाणं विकत असेल तर तो दोन वेगळ्या वस्तूंचा भाव एक करून सांगतो आहे. मोती विकत घेणारा कोण आणि कोणत्या दराने, हे लेखी मिळाल्याशिवाय एक रुपया देऊ नये.

आणि आपल्या घरचा कंठा?

"आपणही लिलावाला पाठवू की," आत्या म्हणाली. परदेशी तर पाठवता येणार नाही. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू कुणाही खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, दागिनाही. देशात विकता येतो आणि मुंबईत दागिन्यांचे लिलावही होतात. पण तिथवर जाण्याइतके मोठे मोती फार थोड्या घरांत असतील, हे वर्गाच्या हिशेबावरून दिसतंच.

जुना म्हणजे बसराच, असंही नाही. १९२० नंतरच्या दागिन्यात कल्चर्ड मोती असू शकतो, आणि काचेचे नकली मोती तर त्याच्याही कितीतरी आधीपासून आहेत. सोन्यावरचा हॉलमार्क सोन्याबद्दल बोलतो, मोत्याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून सराफाने मोती वजनातून वजा केले यात त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. सोन्याचा दर धरून सोनं विकत घेणाऱ्याला मोती म्हणजे वजनातली भर. माझी तक्रार वेगळी आहे: आमच्यापैकी कुणीच तेव्हा विचारलं नाही की हे मोती कोणते. दोरा कापायच्या आधी तो प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागली असती. सर अखंड असता तर क्रम राहिला असता, मधले मोती कुठले आणि कडेचे कुठले ते कळलं असतं.

तुमच्याकडे असा दागिना मोडायची वेळ आली, तर आधी आहे तसा त्याचा फोटो काढा. घरात कुणाच्या लग्नाच्या फोटोत तो गळ्यात दिसतो का शोधा, मागे साल लिहून ठेवा. सीतादेवींच्या फोटोचं जे मोल, तेच आपल्या आजीच्या फोटोचं. मोती चार-पाच मिलिमीटरच्या वर आणि पाणीदार असतील तर मुंबईत रत्नांची प्रयोगशाळा एक्स-रे करून अहवाल देते. बारीक असतील तर तपासणीचा खर्च मोत्यांपेक्षा जास्त होईल, तिथे पटवेकऱ्याकडून रेशमात नव्याने गाठवून घ्या आणि घाला.

आमची पुडी मी दिवाळीनंतर मुंबईला घेऊन गेले. एकतीस मोती होते. अहवाल आला: बावीस नैसर्गिक, नऊ कल्चर्ड. बावीसही लहानच, त्यांची किंमत धरली तर एखाद्या चांगल्या पैठणीएवढी. आईला किमतीपेक्षा नऊचंच आश्चर्य जास्त. बराच वेळ ती अहवाल हातात धरून बसली, मग म्हणाली, "माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी सर तुटला होता. माडीच्या जिन्यावरून मोती खाली गेले होते, काही सापडलेच नाहीत. मामंजी मुंबईहून नवे घेऊन आले आणि सासूबाईंना म्हणाले, सगळे सापडले."

एकतीसच्या एकतीस आम्ही पटवेकऱ्याकडे एकाच सरात गाठवायला टाकले आहेत.